आवडती एलपी न्यावी की वजनदार?

पत्र

ताई, लहानपणी मी काही वर्षं गाणं शिकले, पुढे नोकरी-संसारात ते सुटलं. अलीकडे एका मैत्रिणीमुळे जॅझ ऐकू लागले आणि त्यात पार गुंतले. आमच्या ओळखीतल्या सहा-सात जणांची महिन्यातून एका रविवारी बैठक भरते. ज्याची पाळी असेल त्याने आपली आवडती एलपी आणायची, वाजवायची, दोन शब्द बोलायचे. मागच्या वेळी मला माझी आवड विचारली. मी 'एला अँड लुई' आणि 'टाइम आउट' म्हणाले. त्यावर आमच्यातले सगळ्यांत जाणते काका म्हणाले, "ती काय, सुरुवातीला सगळ्यांनाच आवडते." आणि गप्पा बेसवादक चार्ल्स मिंगस श्रेष्ठ की सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन, या वादाकडे वळल्या. मी नंतर तोंड उघडलं नाही.

येत्या महिन्यात माझी पाळी आहे. मी मुद्दाम ऑर्नेट कोलमन ऐकला, पण डोकं दुखायला लागलं. तरी तीच एलपी न्यावी असं वाटतंय, म्हणजे निदान हसं तरी होणार नाही. काय करू? आणि मला त्या बैठकीत जागा आहे का?

— नवी श्रोती, पुणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

'एला अँड लुई' न्या. जी एलपी ऐकून डोकं दुखलं ती आवडती म्हणून चार लोकांत मांडायची आणि पुढचा तासभर तिचं कौतुक करत बसायचं, हा जाच स्वतःला कशाला करून घेता? शिवाय खरोखर ऑर्नेट कोलमनवर जीव असलेलं माणूस त्या खोलीत असेल, तर त्याने विचारलेल्या दुसऱ्याच प्रश्नाला तुम्ही अडखळाल.

काकांचं वाक्य तुम्हाला लागलं, ते साहजिक आहे. पण ते पुन्हा एकदा वाचा. सुरुवातीला सगळ्यांनाच आवडते, हे त्या रेकॉर्डबद्दल खरंच आहे. त्यातून ती हलकी आहे असा अर्थ काकांनी काढला असेल, तर तो मला अजिबात मान्य नाही. जी गोष्ट पहिल्या भेटीत आवडते तिच्यात दहाव्या भेटीसाठी काही उरत नाही, असं कुणी ठरवलं? तुम्ही गाणं शिकलेल्या आहात. भूपाची ओळख अगदी सुरुवातीला होते, पण भूप गाऊन संपला असं म्हणणारा गवई मी पाहिलेला नाही.

आता त्या रेकॉर्डबद्दलच बोलू, कारण तुमच्या हातात काय आहे याचा तुम्हाला पुरता अंदाज नसावा असं पत्रावरून वाटलं. 16 ऑगस्ट 1956 या एका दिवसात हॉलिवुडच्या स्टुडिओत ही अकरा गाणी ध्वनिमुद्रित झाली. लुई आर्मस्ट्राँग तेव्हा 55 वर्षांचा, एला फिट्झजेराल्ड 39 वर्षांची. निर्माता नॉर्मन ग्रांझ. गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांना वेगळं बसवणाऱ्या सभागृहात कार्यक्रम करायला ठाम नकार देणारा म्हणून जॅझच्या इतिहासात ज्याचं नाव आहे, तोच हा माणूस. साथीला ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राउनचा बेस आणि बडी रिचचे ड्रम. यातला एकेक माणूस स्वतःच्या नावावर सभागृह भरवणारा. पीटरसनची बोटं सुटली की काय करतात हे त्याच्या इतर रेकॉर्डवर ऐका, म्हणजे इथे त्याने स्वतःला किती आवरलंय ते कळेल. बडी रिच तर धुवाँधार ड्रमर, पण इथे गाणाऱ्याच्या शब्दावर आपला आवाज चढू देत नाही. तुम्ही तबला आणि पेटीच्या साथीने गायलेल्या आहात, तेव्हा साथीदाराने स्वतःला आवरणं म्हणजे काय, हे त्या खोलीत तुमच्याइतकं कुणाला उमगणार? याच मुद्द्यावर बोला. रे ब्राउन आणि एला पूर्वी नवरा-बायको होते, 1953 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला, आणि तीन वर्षांनी तो तिच्या गाण्याखाली इतका विश्वासू बेस वाजवतोय, हेही मनात असू द्या. सांगायलाच हवं असं नाही.

मग गाणं कोणतं लावायचं? मी 'मूनलाइट इन व्हरमाँट'ने सुरुवात करीन. ऐकताना ते इतकं मऊ वाटतं की त्याची बांधणी लक्षातच येत नाही. त्यात कुठेही यमक नाही. एकही नाही! त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांत ही फार दुर्मीळ गोष्ट. मुख्य कडव्यांची अक्षरं मोजा: पाच, सात, पाच. म्हणजे हायकू. आणि एरवी अशा गाण्यांत कडव्याचा प्रत्येक भाग आठ बारांचा असतो, तो इथे सहाच बारांचा आहे, मधला तेवढा आठ बारांचा. जॅझमधला एक बार म्हणजे बहुधा चार मात्रा. सहा बार झाले की कान आणखी दोन बारांची वाट पाहतो आणि तेवढ्यात नवी ओळ सुरू होते. पण एला गाताना ही अडचण कुठे जाणवते का पाहा. तुम्ही हातावर मात्रा धरून ऐकल्यात तर दुसऱ्या खेपेला हे सगळं उलगडेल. बैठकीत आधी काही न बोलता गाणं लावा. संपल्यावर यमक आणि सहा बार एवढं सांगा, आणि तेच गाणं पुन्हा लावा. एका बैठकीत एक गाणं दोनदा ऐकायला लोक सहसा तयार होत नाहीत, पण साडेतीन-पावणेचार मिनिटांचं गाणं आहे, तुमच्या पाळीला तेवढा हक्क तुम्हाला आहे.

त्यानंतर 'चीक टू चीक'. इथे लुई आधी गातो, मग एला येते, शेवटाकडे दोघं मिळून. लुईच्या वाट्याचा भाग नीट ऐका. तो शब्द मात्रेवर ठेवत नाही, किंचित मागे ठेवतो, मग पुढच्या दोन शब्दांत ते अंतर भरून काढतो. मूळ चाल त्याच्या आवाजात जेमतेम उरते आणि तरी गाणं अगदी तेच राहतं. एला त्याच्यानंतर येते ती स्वच्छ, सुरेल, प्रत्येक शब्द जागच्या जागी. एकच चाल दोन गळ्यांत अशी शेजारीशेजारी ऐकायला मिळते तेव्हा लय म्हणजे काय याचा जो धडा मिळतो, तो मला तरी कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही.

आणि मग, माझं ऐकाल तर, आणखी एकच रेकॉर्ड: 'वेस्ट एंड ब्लूज', जून 1928, शिकागो. तोच लुई आर्मस्ट्राँग, 28 वर्षांनी तरुण. सुरुवातीला सगळे वादक गप्प आहेत आणि ट्रम्पेट एकटाच दहा-बारा सेकंद वाजतो. त्या दहा-बारा सेकंदांनी जॅझमध्ये एकट्या वादकाचं स्थान बदलून टाकलं, असं मानणारे अनेक जाणकार आहेत आणि मीही त्यांच्यातली एक. थोडं पुढे गेलं की क्लॅरिनेट एक ओळ वाजवतं आणि लुई शब्दांशिवाय, नुसत्या आवाजाने तिला उत्तर देतो. अर्ल हाइन्सचा पियानोही कान देऊन ऐकण्यासारखा आहे. हे ऐकवल्यावर 1956 च्या त्या सौम्य म्हाताऱ्या आवाजामागे कोण बसलंय हे खोलीतल्या सगळ्यांना आपोआप समजेल, तुम्हाला बाजू मांडावी लागणार नाही. 'मूनलाइट' दोनदा धरूनही हे सगळं वीस मिनिटांच्या आत आटोपतं. जास्त वेळ घेऊ नका. अशा बैठकीत पाळी आलेला माणूस चाळीस-चाळीस मिनिटं माहिती वाचून दाखवतो, तेव्हा जीव नकोसा होतो. सन, स्टुडिओ, वादकांची नावं एका चिठ्ठीवर लिहून न्या, कुणी विचारलं तरच सांगा.

आता 'टाइम आउट' आणि काकांचा मिंगस. हे तुम्हाला ठाऊक नसेल तर फार आवडेल. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर कोलंबिया कंपनीचा एक स्टुडिओ होता. मुळात ते चर्च, त्यामुळे छत खूप उंच आणि आवाजाला विलक्षण गोलाई. 1959 च्या मार्च-एप्रिलमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने तिथे 'काइंड ऑफ ब्लू' केली. मे महिन्यात चार्ल्स मिंगसने 'मिंगस आह अम' केली. जून ते ऑगस्टमध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेकने 'टाइम आउट' केली. एकच खोली, एकच वर्ष. तुमची 'सुरुवातीची' रेकॉर्ड आणि ज्यावरून वाद पेटतो ती 'जाणत्यांची' रेकॉर्ड, दोन्ही त्याच छताखाली, चार महिन्यांच्या आत.

आणि 'टाइम आउट'च्या वेळी ब्रुबेक काही सोपा, विकाऊ माल बनवत नव्हता. आदल्या वर्षी, 1958 मध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याच्या चौकडीला दौऱ्यावर पाठवलं होतं. तुर्कस्तान, इराण, इराक, अफगाणिस्तान, पाकिस्तान, आपला भारत, सिलोन. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने वादकांना नऊ मात्रा दोन-दोन-दोन-तीन अशा वाजवताना ऐकलं आणि त्यातून 'ब्लू राँडो आ ला तुर्क' आली. 'टेक फाइव्ह' चौकडीतल्या सॅक्सोफोनवादक पॉल डेझमंडची, पाच मात्रांची, तीन आणि दोन. अर्धा झपताल उलटा धरला की झालं, तुम्हाला ते लगेच जमेल. चारच्या ठेक्यावर पोसलेल्या अमेरिकी श्रोत्याला मात्र ही भलतीच गोष्ट होती आणि कंपनीलाही या रेकॉर्डबद्दल शंका होती. पुढे ती अफाट खपली म्हणून आज कुणी तिला सोपी म्हणत असेल, तर तो खपाचा दोष, संगीताचा नव्हे. डेझमंड 1977 मध्ये गेला तेव्हा 'टेक फाइव्ह'चं मानधन त्याने अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवलं होतं, आणि ते संस्थेला मिळत राहिलं.

जाता जाता एक गोष्ट, कारण तुमच्या बैठकीत रेकॉर्डच्या जुन्या छापाचा आग्रह धरणारं कुणीतरी असणारच. 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू, म्हणजे 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', नेहमीच्या वेगात लावली की मूळ वादनापेक्षा थोडी जलद आणि चढ्या सुरात वाजते. 1992 मध्ये ही चूक दुरुस्त करून नवी प्रत निघाली. त्याआधीचे छाप कितीही महागाचे असले तरी त्यांचा सूर चढाच. तंबोऱ्याची सवय असलेल्या तुमच्या कानाला दोन्ही प्रती एकापाठोपाठ ऐकल्यावर फरक कळायला हवा. कुणाला खाली पाडायला मात्र हे वापरू नका. ज्याच्याकडे जुनी प्रत आहे त्याला ती आणायला सांगा आणि दोन्ही मिळून ऐका, फार आनंदाचा खेळ आहे तो.

तुमच्या पत्रात थेट न विचारलेला एक प्रश्न मला दिसला: पुढे काय ऐकायचं हे ठरवायचं कसं? श्रेष्ठ शंभर रेकॉर्डच्या याद्या बाजूला ठेवा. माणसं धरा. रे ब्राउन आवडला तर त्याच्या मागे जा. ऑस्कर पीटरसनच्या 'नाइट ट्रेन'मध्ये तो भेटेल आणि तिथे पीटरसनही हात मोकळा सोडून वाजवतो. 'सो व्हॉट'ची मुख्य चाल बेसवर आहे आणि बाकीचे फक्त दोन सुरांत होकार देतात. तो बेस वाजवणारा पॉल चेंबर्स. 'काइंड ऑफ ब्लू'चं दुसरं ध्वनिमुद्रण 22 एप्रिलला झालं, तो त्याचा 24 वा वाढदिवस. त्याच्या मागे गेलात तर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'ला पोचाल, मग 'जायंट स्टेप्स'ला. त्यातली 'मिस्टर पी. सी.' ही रचना कोल्ट्रेनने त्याच्याच नावाने बांधली. तिथून सॉनी रॉलिन्सच्या 'टेनर मॅडनेस'ला. चेंबर्स अवघ्या 33 व्या वर्षी गेला, पण तेवढ्यात त्याने इतक्या जणांना साथ केली की नुसतं त्याला धरून कुणी वर्षभर ऐकलं तरी पन्नाशीच्या दशकातलं अर्धं जॅझ कानाखालून जाईल. आणि यात श्रेष्ठ कोण हा प्रश्नच पडत नाही.

ऑर्नेट कोलमनचंही तसंच करा. 'द शेप ऑफ जॅझ टु कम' सलग ऐकू नका, सध्या फक्त पहिलं 'लोनली वुमन' ऐका. या रेकॉर्डमध्ये पियानो नाही, म्हणून कानाला आधार सापडत नाही. तुमची डोकेदुखी बहुधा तिथूनच आली. पहिल्या खेपेला फक्त बिली हिगिन्सचे ड्रम ऐका, ते वेगात आहेत. दुसऱ्या खेपेला सॅक्सोफोन आणि कॉर्नेटची (ट्रम्पेटसारखंच छोटं वाद्य) चाल ऐका. ती संथ आहे, जवळजवळ विलापासारखी, आणि खालच्या वेगाला जुमानत नाही. हे दोन वेग एकाच वेळी धरता आले की ते गाणं काळजात घुसतं. नाही जमलं तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा. 1959 च्या नोव्हेंबरात ऑर्नेट न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये वाजवायला आला तेव्हा मोठमोठ्या वादकांमध्येच दोन तट पडले होते, तेव्हा तुमचं डोकं दुखलं यात कमीपणा कसला?

त्या रेकॉर्डवर कॉर्नेट वाजवणारा डॉन चेरी, त्याचं नाव लक्षात ठेवा. आपल्या शोभाताई गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांची 1988 ची 'उस्फ्रेत' नावाची रेकॉर्ड आहे. तिच्यात शोभाताई गायल्या आहेत आणि ट्रम्पेटवर आहे हाच डॉन चेरी. ठुमरीचा तो गळा तुम्हाला परका नाही. मला वाटतं, तुमची ऑर्नेटकडे जायची वाट तिथून जाते. आधी 'उस्फ्रेत' ऐका, चेरीचा आवाज ओळखीचा होऊ द्या, मग मागे 1959 कडे या.

काकांच्या मिंगसमध्येही असाच एक धागा आहे. 'मिंगस आह अम'वर 'गुडबाय पोर्क पाय हॅट' आहे, 15 मार्च 1959 ला गेलेल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी बांधलेली. लेस्टर यंग तसली टोपी घालायचा, म्हणून हे नाव. तिच्यातला टेनर सॅक्सोफोनचा सोलो जॉन हँडीचा. त्याच जॉन हँडीने पुढे सत्तरीच्या दशकात उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबर 'करुणा सुप्रीम' ही रेकॉर्ड केली, तबल्यावर झाकिर हुसेन. म्हणजे ज्या दोन नावांवरून तुमच्या बैठकीत वाद चालला होता, त्या दोघांच्याही रेकॉर्डवरून एकेक वाट तुमच्या गाण्याकडे येते. गप्प बसण्याचं तुम्हाला काहीच कारण नव्हतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तिथे तुम्हाला जागा आहे का. जाणं सोडू नका. काकांशी बैठकीआधी फोनवर बोला, चारचौघांत नको. सरळ म्हणा, "काका, त्या दिवशी तुम्ही 'सुरुवातीची' म्हणालात, त्यानंतर मला बोलायला संकोच वाटला. या वेळी मी तीच आणतेय, तुम्ही नीट ऐकून सांगा." मग त्यांना विचारा की जॅझ त्यांनी पहिल्यांदा कुठे ऐकलं. त्यांच्या वयाची माणसं 1978 च्या मुंबईतल्या पहिल्या जॅझ यात्रेला, म्हणजे जॅझ महोत्सवाला, गेलेली असू शकतात, सॉनी रॉलिन्स आला होता त्या वर्षी. गेले असतील तर तुम्हाला अर्धा तास फोन ठेवता येणार नाही. जाणत्या माणसांना कधी कधी कुणी विचारतच नाही, आणि मग ते शेरे मारत बसतात. काकांचं तसं असेल असं मला वाटतं, कारण मिंगसवर इतकं प्रेम करणारा माणूस कोत्या मनाचा असणं मला पटत नाही. फोननंतरही शेरे थांबले नाहीत, तर बैठकीतल्या ज्या दोघा-तिघांशी तुमचं जुळतं त्यांना घरी बोलवा आणि वेगळं ऐका. चांगली रेकॉर्ड ऐकायला तीन माणसं पुरतात.

पुढच्या फेरीत काकांना 'गुडबाय पोर्क पाय हॅट' लावायला सांगा आणि 'करुणा सुप्रीम' तुम्ही मिळवून ठेवा. दोन्ही एका रविवारी वाजली की मला जरूर कळवा, आणि काका जॅझ यात्रेला गेले होते की नाही तेही.

तुमची,
ताई